पहिली धार

पाणी गुरुवारी येऊन गेलं होतं,
म्हणजे आता थेट सोमवारी रात्री.
मैनुद्दीन म्हणाला, अक्का, मधल्या दिवसांत उरकू.
पहार, घमेलं आणि निळ्या पाइपचं वेटोळं
सायकलला अडकवून आला शनिवारी सकाळी
आणि उंबऱ्यासमोरची शहाबादी फरशी उचकटली.

दीड हातावर लागला तो.
राखाडी, जाडजूड,
मीटरपासून मोरीपर्यंत कुठंच सरळ न गेलेला.
मैनुद्दीननं नखानं ओरखडलं. चकाकलं.
"शिसं. असलं काम आता कुणाला येतंय?
सांधे बघा की, पुसून पुसून गोल केलेत.
बसवणाऱ्याचा हात लई चांगला होता."
मग माती झटकत, सहज,
"रात्रभर पाणी ह्यात थांबलं की शिसं उतरतं.
पहिलं पाणी कधी पीत नव्हता ना?"

माझ्या हातात त्याच्या चहाचा कप होता.

तेव्हा पाणी रोज यायचं, पहाटे साडेचारला,
गिरणीच्या भोंग्याच्या जरा आधी.
अम्मा तोटीखाली पितळी गिलास धरायची.
रात्रभर जमिनीत निजलेलं पाणी,
सोलापूरच्या मे महिन्यातही
दात शिवशिवतील असं.
ती धार नानांना नाही, मला नाही.
ती तिरूची.
शेंडेफळ, गोवरातून कसाबसा उठलेला,
अंगात कायमची कडकी.
"ने त्याला, गार आहे," म्हणायची अम्मा,
आणि मी न्यायची,
दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता.

तिरूला बाराचा पाढा आला नाही.
मास्तरांनी पट्टी उभी धरून मारलं, तरी नाही.
मागावर बसवला तर तुटलेला धागा
त्याला सापडायचा, पण पुढचं काही सुचायचं नाही.
आता सत्तेचाळीसचा आहे.
कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालतो,
इतक्या नेटक्या की कडा कडेला मिळते.
डझन मात्र दुसऱ्याला मोजावा लागतो.

दवाखान्यात विचारलं मी, दुसऱ्याच कामासाठी गेले होते तेव्हा.
डॉक्टर बाई म्हणाल्या, आता इतक्या वर्षांनी
कसं सांगणार, कशानं काय झालं ते.
पाढे न येणारी पोरं काय कमी असतात?
खरं आहे. आमच्याच गल्लीत पाच-सहा होती.
घरी येईपर्यंत मला हेच पटत होतं.
मग कोपऱ्यावर आठवलं,
गल्लीतल्या सगळ्या घरांना हाच पाइप होता.

भंगारवाल्यानं ताजव्यात टाकला.
अकरा किलो, वर थोडं.
मैनुद्दीननं कापलेला एक तुकडा
तिरूनं उचलला होता आधीच,
हातानंच वाकवून त्याचं कडं केलं,
"अक्का, बघ, लोखंड वाकवलं मी!"
मी ओढून घेतलं. ओरडले.
साबणानं त्याचे हात धुतले, नखांच्या आतसुद्धा.
मी त्याच्यावर कधी ओरडत नाही.
तो दुपारभर कट्ट्यावर बसून राहिला,
शेंगाची चटणी आवडते, तीही नको म्हणाला.

सोमवारी रात्री पावणेतीनला
नळ आधी खोकला, मग थुंकला,
मग निळ्या पाइपमधून धार लागली.
मैनुद्दीननं बजावलं होतं,
सुरुवातीच्या दोन बादल्या सोडून द्यायच्या.
चार दिवसांनी आलेलं पाणी.
शेजारी घागरींचा खणखणाट, कुणाची मोटर, कुणाची भांडणं.
मी तोटी मोरीकडे वळवली आणि हात काढून घेतला.

मागं तिरू उभा होता, झोपेतच,
हातात तोच गिलास,
काठाला चेपलेला.
कुणी उठवलं नव्हतं त्याला.
बराच वेळ बघत राहिला
मोरीत जाणाऱ्या पाण्याकडे.

"अम्मा असती तर मारली असती तुला,"
म्हणाला.
"गार होतं की ते."